खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या बंदुका आणि संग्राहकापुढचा कायदा

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात वापरलेले खरे पिस्तूल ठरलेल्या पद्धतीने कायमचे निकामी केलेले असेल आणि तसे प्रमाणपत्र सोबत असेल, तर अठरा वर्षांवरील कोणीही माणूस ते परवान्याशिवाय विकत घेऊन आपल्या काचेच्या कपाटात मांडू शकतो. त्याच पिस्तुलाची जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली नक्कल, जिच्यातून आजवर गोळी सुटलेली नाही आणि पुढेही सुटणार नाही, ती मात्र केवळ संग्रहासाठी हवी असलेल्या त्याच माणसाला विकणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते. पण हा विरोधाभास कायद्याच्या रचनेतूनच आलेला आहे, आणि तो नीट उलगडून पाहिल्याशिवाय संग्राहकाने अशी एकही वस्तू मागवू नये, रंगवू नये किंवा विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनचे उदाहरण निवडण्याची कारणे दोन. खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांविषयी इतक्या तपशिलाने लिहिलेले कायदे फार थोड्या देशांत आहेत, आणि भारताच्या शस्त्र कायद्यातली ‘नकली बंदूक’ या संज्ञेची व्याख्या ब्रिटिश कायद्यातल्या व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. त्यामुळे लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकाला हा कायदा थेट लागू होतो, आणि पुण्या-मुंबईत बसलेल्या संग्राहकालाही आपल्या कायद्याचे कोडे सोडवताना त्याचा उपयोग होतो.

नकली बंदुकीचा धाक दाखवून केलेल्या गुन्ह्यांची दखल ब्रिटिश संसदेने १९३३ सालीच एका स्वतंत्र कायद्याने घेतली होती. पुढे १९६८ च्या बंदूक कायद्यात त्या तरतुदी सामावल्या गेल्या. त्या वेळी कायद्याचा रोख वापरावर होता: नकली बंदूक घेऊन कोणी दरोडा घातला किंवा अटक टाळली तर शिक्षा, एरवी ती कोणाकडे आहे याची चौकशी नाही. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या, आणि त्यानंतर १९९७ साली खासगी मालकीच्या पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. खरी पिस्तुले मिळणे दुरापास्त झाले, तसे गुन्हेगारांच्या हातातल्या नकली आणि रूपांतरित पिस्तुलांकडे पोलिसांचे आणि संसदेचे लक्ष अधिक जाऊ लागले. जानेवारी २००४ पासून नकली बंदूक योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणे हा गुन्हा झाला. हिंसक गुन्हे कमी करण्यासाठीचा कायदा २००६ साली मंजूर झाला आणि त्यातली हुबेहूब नकली बंदुकांविषयीची कलमे १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. आजच्या संग्राहकाचे आयुष्य ज्या कलमांनी बांधलेले आहे ती मुख्यतः हीच. ती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहेत. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

इथे दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण बहुतेक गैरसमज त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात. पहिली संज्ञा ‘नकली बंदूक’. जिचे रूप बंदुकीसारखे आहे अशी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटत असो वा नसो, ती नकली बंदूक. ही व्याख्या अतिशय रुंद आहे. भडक रंगाचे पिस्तूल तिच्यात येऊ शकते, आणि निकामी केलेली खरी रायफलही येते. ही व्याख्या कुठवर ताणता येते याचा निकाल २००५ साली, त्या वेळी ब्रिटनमधले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बेंथम खटल्यात दिला. आरोपीने जाकिटाच्या आत हात घालून बोटे अशी पुढे काढली होती की समोरच्याला आत पिस्तूल आहे असे वाटावे. न्यायाधीशांनी म्हटले की कायद्याला ‘जवळ बाळगलेली वस्तू’ अपेक्षित आहे, आणि माणसाची बोटे ही त्याच्यापासून वेगळी वस्तू नाही. म्हणून त्या कलमाखालची शिक्षा टिकली नाही. या निकालाने व्याख्येची एक बाजू स्पष्ट झाली: वस्तू तर हवीच, पण ती कशाची बनली आहे आणि तिच्यात कोणती यंत्रणा आहे याला महत्त्व नाही.

दुसरी संज्ञा ‘हुबेहूब नकली बंदूक’. ही पहिलीपेक्षा बरीच अरुंद आहे आणि विक्री, निर्मिती व आयातीवरचे निर्बंध फक्त हिलाच लागू होतात. जी नक्कल व्यवहारात खऱ्या बंदुकीपासून वेगळी ओळखता येत नाही ती हुबेहूब. ओळखता येत नाही म्हणजे कोणाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि कायद्याने त्याचे उत्तर फार विचारपूर्वक दिले आहे. केवळ जाणकाराला फरक कळत असेल, केवळ जवळून निरखल्यावर कळत असेल, किंवा गोळी भरण्याचा वा झाडण्याचा प्रयत्न केल्यावरच कळत असेल, तर तो फरक कायद्याच्या दृष्टीने फरकच नाही. संग्राहक मंडळी अनेकदा म्हणतात की नळी आतून बुजवलेली आहे, दस्त्यावरचा शिक्का चुकीचा आहे, वजन अर्ध्याने कमी आहे, कोणीही ओळखेल. हे युक्तिवाद इथे निरुपयोगी आहेत. कायद्यापुढे उभा असलेला माणूस म्हणजे रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला, घाबरलेला, बंदुकांची माहिती नसलेला दुकानदार किंवा क्षणात निर्णय घ्यावा लागणारा पोलीस. १९९९ साली लंडनमध्ये पिशवीत टेबलाचा पाय घेऊन घरी निघालेल्या एका माणसाला, ती बंदूक आहे अशा समजुतीने, पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले होते. जी वस्तू बंदुकीची नक्कलसुद्धा नव्हती तिच्याबाबतीत हे घडू शकले, हे ध्यानात घेतले म्हणजे व्याख्येतला हा कठोरपणा अनाठायी वाटत नाही.

या व्याख्येला काही स्पष्ट कुंपणे आहेत आणि ती संग्राहकाच्या उपयोगाची आहेत. पहिले कुंपण काळाचे. ज्या बंदुकीची घडण आणि यंत्रणा १८७० च्या आधीची आहे, तिची नक्कल हुबेहूब असली तरी या निर्बंधांत येत नाही, कारण कायद्याला ‘आधुनिक’ बंदुकीची नक्कल अभिप्रेत आहे. म्हणजे मराठेशाहीच्या काळातल्या तोड्याच्या बंदुकीची किंवा चकमकीच्या पिस्तुलाची, गोळी झाडू न शकणारी शोभेची प्रतिकृती भिंतीवर लावण्यासाठी घेता येते आणि विकताही येते. दुसरे कुंपण रंगाचे. वस्तूचा मुख्य रंग भडक लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा किंवा निळा असेल, किंवा ती पारदर्शक असेल, तर ती हुबेहूब मानली जात नाही. व्यापारात अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग अशा रंगाचा ठेवण्याची रीत यातूनच पडली. तिसरे कुंपण आकाराचे: उंची ३८ मिलिमीटरपेक्षा कमी आणि लांबी ७० मिलिमीटरपेक्षा कमी असलेली छोटी नक्कल आकारामुळेच अवास्तव ठरते. पूर्वी किल्लीच्या साखळीला लावलेली चिमुकली पिस्तुले मिळत, ती या मापात बसतात.

आता निर्बंध नेमके कशावर आहेत ते पाहू. कायद्याने चार कृती गुन्हा ठरवल्या आहेत: हुबेहूब नकली बंदूक तयार करणे, साध्या नकली बंदुकीत बदल करून ती हुबेहूब करणे, ती विकणे, आणि ती ग्रेट ब्रिटनमध्ये आणणे किंवा आणवणे. या चारांत ‘घरात ठेवणे’ नाही. २००७ पूर्वी जमवलेला संग्रह कोणालाही जमा करावा लागला नाही, आणि आजही तो घरात ठेवणे बेकायदा नाही. देणगी आणि वारसाही यात नाहीत, कारण ती विक्री नव्हे. वडिलांच्या पश्चात त्यांचा संग्रह मुलीकडे आला तर तिने कोणताही गुन्हा केलेला नसतो.

पण या चार कृती सामान्य संग्राहकाकडून किती सहज घडतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. अर्धे निळे असलेले पिस्तूल रीतसर विकत आणून घरी काळ्या रंगाचा फवारा मारणे ही केवळ सजावट नाही; ‘बदल करून हुबेहूब करणे’ हा वर सांगितलेला दुसरा गुन्हा तिथे पूर्ण होतो, आणि तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तूवर केलेला असला तरी होतो. त्रिमितीय छपाई यंत्रावर काळे पिस्तूल छापून काढणे ही निर्मिती झाली. जपान किंवा हाँगकाँगमधल्या दुकानातून टपालाने प्रतिकृती मागवली तर दुकानदार परदेशात सुरक्षित असतो, पण ‘देशात आणवणारा’ म्हणून मागवणारा जबाबदार ठरतो. भारतातून सुट्टीहून परतताना सामानात एखादे हुबेहूब खेळणे घेऊन येणाऱ्यालाही हेच लागू आहे. जुन्या वस्तूंच्या लिलावात आपल्याच संग्रहातली दुबार प्रत काढून टाकणे ही विक्री आहे, ती कितीही हौशी असो.

विक्रीला आणि आयातीला अपवाद आहेत, आणि संग्राहकाची खरी अडचण त्या यादीत दिसते. संग्रहालय किंवा कलादालन, नाटकाचे प्रयोग आणि तालमी, चित्रपट, दूरचित्रवाणी कार्यक्रम, ठरावीक संस्थांनी भरवलेली ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्रचना आणि सरकारी सेवेतली कामे, यांच्यासाठी वस्तू उपलब्ध करून देण्याचा हेतू सिद्ध करता आला तर विकणाऱ्याचा बचाव होतो. नंतरच्या नियमांनी यात एअरसॉफ्ट या खेळाची भर घातली. संग्राहक या यादीत कुठेही नाही. घरातल्या कपाटाला संग्रहालय म्हणून भागत नाही, कारण कायद्याने संग्रहालयाचीही व्याख्या केली आहे: ऐतिहासिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या वस्तू जतन करून, त्यांचा अर्थ लोकांपुढे मांडणारी आणि लोकांना प्रवेश देणारी संस्था म्हणजे संग्रहालय. पाहुण्यांना दिवाणखान्यातले कपाट दाखवणे त्यात बसत नाही.

एअरसॉफ्टविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण बरेच संग्राहक याच दाराने आत शिरू पाहतात. या खेळात सहा मिलिमीटरच्या आसपासचे प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या, दिसायला अगदी खऱ्या बंदुका घेऊन दोन गट मैदानात लुटुपुटीची लढाई खेळतात. विम्याचे संरक्षण असलेल्या मैदानावर हा खेळ खेळणाऱ्याला हुबेहूब बंदूक विकता येते. खेळाडू खरा आहे हे दुकानदाराला कळावे म्हणून व्यापाऱ्यांच्या संघटनेने नोंदणीची पद्धत बसवली: किमान ५६ दिवसांच्या काळात किमान तीन वेळा मैदानावर खेळलेला माणूस नोंदणीस पात्र होतो. ही नोंदणी कायद्याने दिलेला परवाना नाही, ती केवळ दुकानदाराच्या हाती असलेला पुरावा आहे, आणि बचावाचा आधार वस्तू खेळासाठी दिली जात आहे हा हेतू आहे. खेळायचे मनात नसताना केवळ कपाट भरण्यासाठी तीन रविवार मैदानावर काढणे म्हणजे त्या हेतूलाच बगल देणे होय, आणि मी ती वाट कोणालाही सुचवणार नाही. २०१७ साली छर्ऱ्याच्या ऊर्जेवरही मर्यादा घातली गेली: सलग झाडणाऱ्या बंदुकीसाठी १.३ जूल, एकेक झाडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ जूल. त्यापुढे गेलेली वस्तू खेळाचे साधन उरत नाही. तिचा विचार खऱ्या बंदुकीच्या नियमांखाली होतो.

मग संग्राहकासाठी उरते काय? उरते ती सुरुवातीला सांगितलेली निकामी केलेली खरी बंदूक. हुबेहूब नकली बंदुकीच्या व्याख्येतून निकामी बंदुका आणि जुन्या काळच्या अस्सल बंदुका स्पष्टपणे वगळल्या आहेत. निकामी करणे म्हणजे गोळ्या काढून ठेवणे नव्हे. नळी, गोळीचे घर, आघात करणारी कळ, चौकट या सगळ्यांवर ठरलेल्या पद्धतीने कापकाम आणि जोडकाम करून ती पुन्हा कधीही चालू होणार नाही असे केले जाते. ते काम लंडन किंवा बर्मिंगहॅम इथल्या तपासणीगृहात पाहिले जाते आणि बंदुकीवर खूण उमटवून प्रमाणपत्र दिले जाते. एप्रिल २०१६ पासून यासाठीचे निकष बरेच कडक झाले. त्यापूर्वी जुन्या निकषांनुसार निकामी केलेली बंदूक मालकाने आपल्याकडे ठेवायला हरकत नाही, परंतु ती विकायची किंवा कोणाला भेट द्यायची तर आधी नव्या निकषांपर्यंत आणावी लागते. २०१९ च्या नियमांपासून अशा बंदुकीच्या हस्तांतराची माहिती गृहखात्याला कळवावी लागते. संग्राहकाने इथे जो पैसा मोजायचा तो बंदुकीसाठी जितका, तितकाच त्या कागदासाठी असतो. प्रमाणपत्र हरवलेली निकामी बंदूक विकायला निघालेल्याची काय तारांबळ उडते, ते अनुभवी संग्राहकाला विचारावे.

हलके छर्ऱ्याचे पिस्तूल ही आणखी एक वाट. प्रसिद्ध सैनिकी पिस्तुलांसारखी दिसणारी, वायूच्या दाबावर धातूचे छर्रे मारणारी पिस्तुले ही नक्कल असली तरी कायद्याच्या भाषेत ती स्वतःच बंदूक आहे, म्हणून हुबेहूब नकली बंदुकीचे निर्बंध तिला लागत नाहीत. तिला छर्ऱ्याच्या बंदुकांचे स्वतःचे नियम लागतात, आणि व्यापारी विक्री नोंदणीकृत विक्रेत्याकडून समोरासमोरच व्हावी लागते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून अशा पिस्तुलासाठी स्वतंत्र परवाना लागतो.

सगळ्यांत धोकादायक प्रकार आहे तो नुसता बार काढणाऱ्या पिस्तुलांचा. शर्यत सुरू करताना, कुत्र्यांना आवाजाची सवय लावताना किंवा नाटकात वापरली जाणारी ही पिस्तुले भडक रंगात विकत मिळत, आणि अनेक संग्राहकांकडे ती असत. १९८२ च्या बंदूक कायद्याने असे ठरवले आहे की जी नकली बंदूक सहज रूपांतर करून गोळी झाडण्याजोगी होते, ती रूपांतर झालेले नसतानाही खरी बंदूक समजावी. सहज म्हणजे विशेष कौशल्य नसलेल्या माणसाला, घरातल्या डागडुजीला लागणाऱ्या साध्या हत्यारांनी करता येण्याजोगे. ही कसोटी वस्तू विकत घेतली त्या दिवशी लावून संपत नाही. २०१० साली इटलीत बनलेल्या एका प्रकारच्या बार काढणाऱ्या रिव्हॉल्व्हरची तज्ज्ञांनी तपासणी केली आणि ते सहज रूपांतर होणारे ठरले. तोवर ते उघडपणे दुकानात विकले जात होते. २०२५ च्या फेब्रुवारीत हेच तुर्कस्तानात बनलेल्या, वरच्या बाजूने वायू बाहेर सोडणाऱ्या काही प्रकारांच्या बाबतीत घडले. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३ ते २८ फेब्रुवारी या काळात ती पोलीस ठाण्यात बिनशिक्षा जमा करण्याची मुभा दिली गेली, आणि त्यानंतर ती जवळ सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असे पोलिसांनी जाहीर केले.

या प्रकरणात संग्राहकावर अन्याय होतो का, हा प्रश्न मला पडतो. पावती घेऊन, वय दाखवून, राजरोस दुकानातून घेतलेली वस्तू पंधरा वर्षांनी बेकायदा ठरते आणि मालकाला एक महिना मिळतो, तेही त्याने ती बातमी वाचली तर. वस्तू खरोखरच धोकादायक असल्याचे सिद्ध झाल्यावर ती परत घेणे योग्यच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्यांच्या नावावर विक्रीची नोंद आहे त्यांना पत्र पाठवून कळवणे आणि वस्तूची किंमत परत देणे ही सरकारची किमान जबाबदारी मानायला हवी. तोवर संग्राहकानेच सावध राहिले पाहिजे, आणि आपल्याकडे बार काढणारे पिस्तूल असेल तर त्याचा नेमका प्रकार लिहून ठेवून पोलिसांच्या सूचनांवर लक्ष ठेवले पाहिजे.

घराबाहेर पडले की चित्र बदलते, कारण तिथे पुन्हा रुंद व्याख्या लागू होते. नकली बंदूक, मग ती हुबेहूब असो, भडक रंगाची असो की प्रमाणपत्रासह निकामी केलेली असो, वाजवी कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगल्यास बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याच्या मनात हिंसेची भीती निर्माण करण्याच्या हेतूने ती जवळ ठेवली तर दहा वर्षांपर्यंत, आणि अटक टाळण्यासाठी वापरली तर जन्मठेपेपर्यंत. प्रदर्शनाला जाताना वस्तू बंद पेटीत, मोटारीच्या मागच्या कप्प्यात, प्रदर्शनाच्या निमंत्रणासह आणि प्रमाणपत्रासह न्यावी; वाजवी कारण दाखवण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर येते. रस्त्यावरून दिसेल अशा खिडकीत रायफल मांडू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोणतीही नकली बंदूक विकणे आणि त्याने ती विकत घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हेही घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

भारतात प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला जातो. आपला शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमातल्या शस्त्राच्या व्याख्येतून, खेळण्याखेरीज दुसऱ्या कशालाही न वापरता येणारी आणि चालू हत्यारात रूपांतर न होऊ शकणारी हत्यारे वगळलेली आहेत. दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल याच वाक्याच्या आधाराने मोकळे सुटते. पण यात दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात हे विसरता कामा नये: वस्तू खेळणे म्हणून विकली गेली एवढे पुरत नाही, तिचे रूपांतरही होता कामा नये. ब्रिटिश कायदा आधी दिसण्याकडे पाहतो, भारतीय कायदा आधी क्षमतेकडे. सहाव्या कलमात नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत विनापरवाना रूपांतर करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी आहे. अठ्ठाविसावे कलम अटकेला विरोध करण्यासाठी नकली बंदूक वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. खेळण्याचे पिस्तूल दाखवून कोणाला धाक घातला तर भारतीय न्याय संहितेतले धमकीचे कलम वेगळे आहेच.

कोकणात आणि देशावरच्या अनेक जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर किंवा देवघराजवळ असते, आणि दसऱ्याला शस्त्रपूजेत ती बाहेर येते. एवढी जुनी म्हणजे शोभेचीच, असे घरातले समजून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. पंचेचाळिसाव्या कलमातली सूट जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. चांगला कारागीर जिला एका दिवसात चालू करील ती बंदूक शंभर वर्षांची असली तरी बंदूकच आहे, आणि विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ पासून दोन ते पाच वर्षे आहे. अशी वस्तू घरात असेल तर सणाची वाट न पाहता पोलीस ठाण्यात किंवा परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन तिची स्थिती लेखी ठरवून घ्यावी.

दोन्ही कायदे एकाच वस्तूवर कसे येऊन मिळतात याचे चांगले उदाहरण भारतात बनणाऱ्या चकमकीच्या बंदुकांच्या प्रतिकृतींचे आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतले ऐतिहासिक पुनर्रचनेचे हौशी लोक या बंदुका वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. नळीच्या बाजूला जे बारीक छिद्र असते, ज्यातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते, ते न पाडताच त्या अनेकदा पाठवल्या जातात. छिद्र नाही तोवर ती लोखंड-लाकडाची शोभेची वस्तू. ब्रिटनमध्ये कोणी ते छिद्र पाडले की त्या क्षणी ती बंदूक होते आणि परवाना लागतो. भारतात तेच छिद्र पाडणे सहाव्या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून भिंतीवर लावण्यासाठी अशी प्रतिकृती घेणाऱ्याने नळीचे छिद्र बुजलेले आहे, दारू भरण्याची जागा बंद आहे, आणि विकणाऱ्याने ते पावतीवर लिहिले आहे, हे पाहून घ्यावे. विमानाने नेताना ती हातातल्या सामानात मुळीच ठेवू नये. तिथे खेळण्यातले पिस्तूलही चालत नाही. सामानात टाकायची असेल तरी विमान कंपनीला आधी विचारावे.

इतर देशांत रेषा वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. जपानमध्ये १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बुजवून त्याला पांढरा किंवा पिवळा रंग द्यावा लागतो, आणि तसे न केलेले पिस्तूल नुसते जवळ ठेवणेही गुन्हा आहे. जपानी संग्राहकांच्या कपाटात सोनेरी पिस्तुले दिसतात ती यामुळे. अमेरिकेत १९८८ च्या संघीय कायद्यानुसार खेळण्यातल्या आणि नकली बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण लागते, मात्र १८९८ पूर्वीच्या घडणीच्या, गोळी न झाडणाऱ्या संग्राह्य प्रतिकृतींना सूट आहे, आणि काही शहरे व राज्ये याहून कडक आहेत. कॅनडात आधुनिक बंदुकीची हुबेहूब नक्कल प्रतिबंधित साधनांत मोडते. एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्या कुटुंबाने संग्रह सोबत नेण्यापूर्वी हे तपासणे अत्यावश्यक आहे.

राहिला प्रश्न संग्राहकाच्या पश्चात काय करायचे याचा, आणि ब्रिटनमध्ये तो २००७ पूर्वी जमवलेल्या संग्रहांच्या बाबतीत आता वारंवार उभा राहू लागला आहे. वारसाने आधी प्रत्येक वस्तू नकली, निकामी, छर्ऱ्याची की बार काढणारी आहे ते जाणकाराकडून लेखी ठरवून घ्यावे. निकामी बंदुका प्रमाणपत्रासह आणि नव्या निकषांनुसार असतील तर विकता येतात. हुबेहूब नकली बंदुका दुसऱ्या संग्राहकाला विकता येत नाहीत, पण नातेवाइकाला भेट देता येतात, आणि नाट्यसंस्था, चित्रपटांना साहित्य पुरवणारे व्यावसायिक किंवा संग्रहालय यांना त्यांच्या कामासाठी विकताही येतात. अशा वेळी घेणाऱ्या संस्थेचे नाव आणि वापराचे कारण लिहिलेले पत्र विकणाऱ्याने आपल्याकडे ठेवावे. बार काढणाऱ्या पिस्तुलाबद्दल थोडीही शंका असेल तर ते पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नये. आधी फोन करून विचारावे आणि पोलिसांनी सांगितलेल्या पद्धतीनेच सुपूर्द करावे.